जुन्या शिकारी रायफलीचा दस्ता आणि पॉलिश ओरिजनल आहे का, कसं बघायचं

जुनी रायफल कुणी दाखवायला काढली की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "बघ कशी चकाकतेय, एकदम ओरिजनल, आजोबांनी ठेवली तश्शी." आणि माझी नजर नेमकी त्या चकाकीवरच अडकते. गोव्याच्या पावसात सत्तर-ऐंशी वर्षं काढलेलं लोखंड आणि लाकूड, तेही वापरातलं, कुळागरातून खांद्यावर फिरलेलं, ते एवढं लखलखीत असेल तर मधे कुणाचा तरी हात लागलाय हे नक्की. तो हात कधी लागला आणि किती खोल लागला, हे शोधणं म्हणजेच ओरिजनल आहे की नाही ते ठरवणं.

हा प्रश्न आत्ता इतक्या जणांना का पडतोय ते पण सांगतो. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हळूहळू बंदच झाली, पण बंदुका घरात राहिल्या. सत्तरी, सांगे, काणकोणकडच्या कितीतरी घरांत एक ठासणीची, एक दुनळी आणि एखादी रायफल असं सगळं वडिलोपार्जित पडून होतं. मग २०१९ च्या दुरुस्तीनं एका लायसनवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं झालं. शिवाय २०१६ च्या नियमांनुसार लायसनवाल्याचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर तो हयात असतानाच वारसाच्या नावावर करता येतं. म्हणजे घराघरात बसून ठरवायची वेळ आली की कुठली ठेवायची, कुठली काढायची, आणि तेव्हा "ही ओरिजनल आहे का" हा प्रश्न निघतोच. चुकीची ठेवली आणि चांगली दिली असं होऊ नये एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट, जी मी कुणाहीकडे गेलो तरी पहिली करायला लावतो. मॅगझिन रिकामं, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं, बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, बाहेर काढून बाजूला, आणि काडतुसं त्या खोलीतच नकोत. लायसन ज्याच्या नावावर आहे तो माणूस समोर बसलेला पाहिजे, बंदूक त्याच्या घरातून हलवायची नाही. खोलाखोलीही ज्याला येते त्यानंच करावी, नाहीतर लायसन असलेल्या गनस्मिथकडून करून घ्यावी, कारण घरचा जाड स्क्रू-ड्रायव्हर लावून जुन्या स्क्रूची खाच फाडली की तुम्ही जे शोधायला निघालात तेच तुमच्या हातानं गेलं.

आता आपल्याकडे बंदुका खराब कशा होतात ते बघा, कारण ते कळलं की अर्धं काम होतं. वाईट हेतूनं कुणी काही करत नाही हो, प्रेमानंच करतात. चवथीच्या आधी घराला रंग लावायचा, मेस्त म्हणजे सुतार आलेला असतो, देव्हारा, माटोळीची चौकट, दरवाजे, सगळ्याला पॉलिश मारून होतं आणि डब्यात थोडं उरतं. मग कुणीतरी म्हणतं, "मेस्ता, त्या बंदुकीलाही एक हात मार." मेस्त आपलं काम मन लावून करतो, आधी सँडपेपर, मग सीलर, मग मेलामाइन, म्हणजे फर्निचरचं कडक चकचकीत पॉलिश, आणि जर्मनीत नाहीतर इंग्लंडात कुणीतरी आठवडे घालवून तेल चोळून बनवलेलं फिनिश दुपारच्या जेवणाआधी संपतं. वर ती छान पण दिसते. म्हणून मी म्हणतो की छान दिसणं हा पुरावाच धरू नका, ना बाजूनं ना विरुद्ध.

लाकडापासून सुरुवात करू कारण लाकूड लपवाछपवी कमी करतं. कारखान्यातून नवीन निघालेल्या चांगल्या रायफलीचं लाकूड धातूपेक्षा किंचित वर असतं, अगदी केसभर. रिसिव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाच्या, बाजूला, त्याच्या मागच्या शेपटीच्या कडेला आणि दस्त्याच्या टोकाला जी बट-प्लेट असते तिच्याभोवती. डोळे मिटून अंगठ्याचं नख लाकडावरून धातूकडे सरकवा. नख लाकडावरून अलगद खाली उतरलं किंवा दोन्ही सपाट लागले तर ठीक. पण नख धातूच्या कडेला अडकलं, म्हणजे धातूच वर आलाय आणि लाकूड खाली बसलंय, तर कुणीतरी तिथं सँडपेपर चालवलाय, दुसरं कारण सहसा नसतं. बट-प्लेटवर हे सगळ्यात स्वच्छ कळतं, प्लेटची कड सगळ्या बाजूंनी लाकडाच्या बाहेर डोकावत असते. लाकूड सुकून आकसतं हेही खरं, पण आकसतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं, सगळीकडून सारखं नाही. चारी बाजूंनी सारखंच खाली गेलेलं असेल तर तो पेपरच.

मग चेकरिंग, म्हणजे पकडीवर आणि पुढच्या भागावर कोरलेली खाचांची जाळी. चांगल्या रायफलींवर ती हातानं कोरलेली, इंचाला वीस-बावीस रेषा, प्रत्येक चौकटीचं टोक उभं. वापरानं ती झिजते, पण कशी झिजते ते बघा: जिथं तळहात बसतो तिथं जास्त, कोपऱ्यात कमी, आणि खाचांच्या तळाशी वर्षानुवर्षांचा मळ आणि तेल बसून काळं झालेलं. सँडपेपर मारलेला असेल तर कडेच्या किनारी रेषाच आधी पुसट होतात, जाळी आणि गुळगुळीत लाकूड यांच्यामधली हद्द विरून जाते. आणि नंतर कुणी परत कोरलेली असेल तर खाचांच्या आतलं लाकूड वरच्यापेक्षा ताजं, फिकट दिसतं आणि एखाद-दुसरी रेष किनारीच्या बाहेर सुटलेली सापडतेच. मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन मारलेलं असेल तर भिंगातून बघा, खाचांच्या तळाशी ते साचून काचेसारखं चमकतं. तेलाचं फिनिश कधीच असं साचत नाही, ते लाकडाच्या आत जातं.

फिनिश कुठलं हे ओळखायला थोडी माहिती लागते. इंग्लिश बंदुकांवर जवसाच्या तेलाचं फिनिश, त्यात बऱ्याचदा अल्कानेट नावाच्या मुळीचा लालसर रंग उतरवलेला. युरोपातल्या शिकारी रायफलींवरही तेल किंवा पातळ वार्निश. अमेरिकन कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर लॅकर वापरायला सुरुवात केली, आणि रेमिंग्टननं १९६२ साली ७०० मॉडेल काढलं तेव्हा त्याच्या महागड्या बीडीएल प्रकारावर जाड, चकचकीत, कडक कोटिंग कारखान्यातूनच होतं. म्हणजे चकाकी दिसली की लगेच नंतरचं पॉलिश असंही म्हणायचं नाही, ती रायफल कुठली आणि कधीची ते आधी कळायला पाहिजे. पण १९३० च्या जर्मन माउझर कंपनीच्या रायफलीवर तसलं कोटिंग असेल तर ते कारखान्याचं असूच शकत नाही. आपल्याकडे मेलामाइनच्या आधी चपडा पॉलिश चालायचं, लाखेचं. ते ओळखायला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या, नोटा तपासायला दुकानात असतो तसला, आणि अंधारात दस्त्यावर मारा. लाखेचं पॉलिश नारिंगी चमकतं. जर्मन दस्ता गोव्यात नारिंगी चमकायला लागला की पॉलिश इथंच मारलं असावं अशी शंका घ्या.

लाकूड स्वतः कुठलं हेही बघा. जवळपास सगळ्या चांगल्या युरोपियन आणि अमेरिकन शिकारी रायफलींचे दस्ते अक्रोडाचे. आपल्याकडे दस्ता फुटला की नवीन बसवायचा तो शिसवीचा किंवा सागवानाचा, कारण मेस्ताला तेच लाकूड मिळतं आणि तेच हाताखालचं असतं. शिसवी जड आणि आतून जांभळट काळी, हातात घेतल्यावर बंदुकीचा तोल मागे गेलेला कळतो. सागवानात वाढीच्या रेषा उठून दिसतात आणि बट-प्लेट काढून आतलं कोरं लाकूड जरा घासलं की त्याचा तो ओळखीचा तेलकट वास येतो. अक्रोडाची छिद्रं लांबट, बारीक, रेषेला धरून पसरलेली. फर्निचरचं काम करणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्या मेस्ताला नुसतं आतलं लाकूड दाखवा, तो एका नजरेत सांगेल. पॉलिश मारायला त्याला देऊ नका, पण लाकूड ओळखायला त्याच्याइतका भरवशाचा माणूस नाही.

आणि आपल्या हवेचा एक खास पुरावा आहे जो मला फार आवडतो. इथं पावसाळ्यात लोखंड वाचवायचं म्हणजे तेल, आणि लोक हात सैल सोडून तेल घालतात, पूर्वी तर कितीतरी घरांत खोबरेलच. बंदूक भिंतीला उभी, नळी वर, मग ते तेल वर्षानुवर्षं खाली उतरत रिसिव्हरच्या मागे, जिथं दस्त्याची मान सुरू होते, तिथल्या लाकडात मुरतं. तो भाग काळा पडतो आणि थोडा मऊही होतो. हे लाकडासाठी वाईटच, पण ओरिजनल दस्ता तपासताना तो काळेपणा सापडला की मला बरं वाटतं, कारण तो एका दिवसात आणता येत नाही. धातू म्हातारा आणि मानेतलं लाकूड आतून स्वच्छ पिवळं असेल तर दोघांचं वय एक नाही.

आता धातू. काळ्या-निळ्या रंगाला सगळे ब्लूइंग म्हणतात, पण त्याचे प्रकार वेगळे आणि काळ वेगळा. जुनी पद्धत रस्ट ब्लूची. नळीवर आम्लाचं पाणी लावायचं, दमट जागेत गंजू द्यायची, मग उकळत्या पाण्यात घालायची म्हणजे लाल गंज काळा होतो, तो तारेच्या ब्रशनं साफ करायचा, आणि हेच परत परत, दिवसच्या दिवस. त्यातून येणारा रंग मऊ, मखमली, चकाकी कमी. १९३० च्या दशकाच्या शेवटाला गरम क्षारांची टाकी आली, कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट उकळून त्यात भाग बुडवायचे, साधारण १४० अंश सेल्सियस, अर्ध्या तासात काम. त्याचा रंग काळाभोर आणि खाली पॉलिश केलेलं असेल तर चकचकीत. म्हणून १९२५ ची रायफल काळीभोर चकचकीत दिसली तर ती नंतर टाकीत गेली असण्याची शंका घ्या. दुनळीवाल्यांनी तर हे खास लक्षात ठेवा. दुनळीच्या नळ्या एकमेकींना झाळलेल्या असतात आणि तो कॉस्टिक ते झाळण खातो, शिवाय मधल्या पट्टीखाली क्षार अडकून आतून गंज सुरू होतो, वरून काहीच दिसत नाही. कुणी दुनळीला हॉट ब्लू करून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानातून तशीच परत आणा.

तिसरा प्रकार कोल्ड ब्लू, बाटलीतलं औषध, सेलेनियमवालं. चरा पडला, गंज काढला की त्यावर लावतात. ते डागाडागात, राखाडी झाक असलेलं दिसतं आणि बोटानं जोरात घासलं की वास येतो. थोडंसं असेल तर मी त्याला फार दोष देत नाही. ते कुठं आहे एवढं समजलं पाहिजे.

ब्लूइंग परत केलंय का हे रंगापेक्षा कडांवर जास्त कळतं, कारण परत करायच्या आधी जुना रंग आणि गंजाचे खड्डे काढायला धातू बफिंग चाकावर धरतात आणि ते चाक कुणाचीच गय करत नाही. स्क्रूची भोकं बघा, मूळची कड धारदार असते, बफिंगनं ती आत ओढली जाते आणि भोक बशीसारखं खोलगट दिसायला लागतं. सपाट बाजूंवर खिडकीचा उजेड तिरपा पाडा, सपाट पृष्ठभागात उजेडाची रेष सरळ जाते, बफ केलेल्यात ती लाटा घेत जाते. आणि अक्षरं बघा, हे तर मी सगळ्यात जास्त वेळ बघतो. कारखान्याचं नाव ठसा मारून उमटवलेलं असतं, ठशाच्या जोरानं अक्षराच्या कडेचा धातू सूक्ष्म वर उचलला जातो. दहापट भिंगातून प्रत्येक अक्षराच्या कडेला ती बारीक उंचवट्याची ओळ दिसते आणि बोटाच्या टोकाला किंचित खरखर लागते. हाताळून हाताळून ती गुळगुळीत होते हे खरं, पण तेव्हा आजूबाजूचा रंगही तितकाच गेलेला असतो. रंग पूर्ण, काळाभोर, आणि अक्षरं मात्र उथळ, कुठं अर्धी गेलेली, हे दोन्ही मूळ फिनिशमध्ये एकत्र असूच शकत नाही. तसंच गंजाचे जुने खड्डे आहेत आणि खड्ड्यांच्या तळापर्यंत रंग आहे, म्हणजे रंग खड्ड्यांनंतर आला.

इथंच एक कायद्याची गोष्ट. शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. बफिंगमध्ये नंबर उथळ झाला तर किंमत जाते ती जातेच, उद्या लायसन रिन्यू करताना नंबर वाचता येत नाही म्हणून तुम्हीच अडकता. नंबर धड उरणार नाही असं पॉलिश कुणाकडूनही करून घेऊ नका.

प्रूफचे, म्हणजे नळी दाबाला टिकते का ते तपासून मारलेले, शिक्केही वाचता आले पाहिजेत, त्यावरून काळ कळतो आणि काळ कळल्याशिवाय फिनिशबद्दल बोलण्यात अर्थ नाही. जर्मन रायफलींवर १८९१ च्या प्रूफ कायद्यानंतरचे शिक्के मुकुटाचे, मुकुटाखाली एन, बी, यू, जी अशी अक्षरं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर नवीन कायदा आला आणि मुकुटाच्या जागी गरुड आला. बेल्जियमच्या लीज शहराचा शिक्का लंबवर्तुळात ईएलजी, १८९३ पासून त्यावर मुकुट. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासूनचं, त्यांचेही मुकुटाचेच शिक्के पण अक्षरं वेगळी. झेक ब्रनो रायफलींवर सिंहाच्या शिक्क्याजवळ सालाचे शेवटचे दोन आकडे सरळ लिहिलेलेच असतात, तिथं तर काम एकदम सोपं.

हे सगळं वरवरचं झालं. माझ्या मते खरी साक्ष मिळते ती झाकलेल्या जागेत. बट-प्लेटच्या खाली, नळी ज्या खोबणीत बसते तिथं, मागच्या साईटच्या तळाशी. पॉलिशवाला, रंगवाला, हौशी नातू, यातला कुणीही त्या जागांची फिकीर करत नाही, कारण त्या दिसतच नाहीत. दस्ता उतरवल्यावर नळीच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग आणि वरच्या अर्ध्या भागाचा रंग शेजारी शेजारी बघायला मिळतो. ओरिजनल असेल तर जात एकच असते, खालचा नुसता ताजा आणि वरचा झिजलेला. वरचा काळा चकचकीत आणि खालचा मऊ मखमली असेल, मधे लाकडाच्या कडेनं स्पष्ट रेघ असेल, तर वरचा भाग नंतर रंगवलाय. कधी कधी याच्या उलटही दिसतं, वरचा भाग चांगला आणि लाकडाच्या खाली मात्र गंजाचे खड्डेच खड्डे, आपल्या दमट हवेत पाणी तिथं अडकून राहतं आणि कुणी उघडून बघत नाही. ते ओरिजनल फिनिशच्या विरुद्ध जात नाही, पण घेण्याआधी माहिती पाहिजे.

युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच कारखान्यांत दस्ता त्या त्या रायफलीला हातानं बसवत, म्हणून लाकडाच्या आतल्या बाजूला नंबर मारून ठेवत. सॅव्हेज ९९ या अमेरिकन मॉडेलच्या जुन्या रायफलींत तो दस्त्याच्या टोकावर, बट-प्लेटच्या आतल्या बाजूला आणि पुढच्या लाकडावरही सापडतो. हा नंबर रिसिव्हरच्या नंबराशी जुळला तर लाकूड त्याच रायफलीचं आहे का हा वाद मिटतो.

आमच्या मामांकडची रायफल याचं चांगलं उदाहरण आहे. वाळपईच्या पलीकडे त्यांचं घर, रायफल आजोबांनी गोवामुक्तीच्या बरीच आधी घेतलेली, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्याची माउझर, ७×५७ काडतुसाची, अर्ध्या दस्त्याची, सोबत पोर्तुगीज भाषेतलं लायसनचं जुनं कागदपत्र ज्यावर नंबर स्वच्छ लिहिलाय. शहरातल्या एका दुकानदारानं तिला बघून सांगितलं की नळी जर्मन पण दस्ता लोकल, म्हणून किंमत काही येणार नाही. मामेभाऊ नाराज. मी गेलो तेव्हा दस्ता खरंच तांबूस, चकचकीत, खाचांच्या तळाशी मेलामाइन साचलेलं, आणि बट-प्लेटची कड चारी बाजूंनी बाहेर, नख अडकत होतं. वरून बघितलं तर दुकानदाराचंच बरोबर वाटावं.

मामांनीच समोर बसून बोल्ट काढून दिला आणि आम्ही त्यांच्या ओळखीच्या लायसनवाल्या गनस्मिथला घरी बोलावून दस्ता उतरवला. बट-प्लेटच्या खालचं लाकूड कोरं, धूळ आणि एका कोळ्याच्या जाळ्यासकट, छिद्रं अक्रोडाची, लांबट. मानेच्या आतल्या भागात तेल मुरून काळं कुळकुळीत. नळीच्या खोबणीत, तेलाच्या डागाखाली, नंबराचे आकडे ठशानं मारलेले, भिंग लावून टॉर्च तिरपा धरला तेव्हा एकेक उमटत गेला. रिसिव्हरवरचा नंबर, कागदावरचा नंबर आणि लाकडातला नंबर, तिन्ही एकच. नळीच्या खालचा रंग मऊ निळा-काळा, वरचा तोच पण तोंडाशी आणि तोलाच्या जागी, जिथं धरून चालायची सवय असते, तिथं झिजून पांढुरका. बोल्ट पांढरा, जसा असायला पाहिजे तसा. अक्षरांच्या कडा जिवंत. फक्त खालच्या दोन मोठ्या स्क्रूंपैकी एक वेगळा निघाला, खाच रुंद, डोकं जाड, तो नंतर कुणीतरी बसवलेला.

मामा म्हणाले, "अरे, ते पॉलिश मीच मारून घेतलं, घर रंगवलं त्या वर्षी, वाड्यावरच्याच मेस्ताकडून. बरं दिसेल म्हटलं."

म्हणजे निकाल असा की दस्ता ओरिजनल, दस्त्याचं फिनिश ओरिजनल नाही, धातूचं फिनिश ओरिजनल पण झिजलेलं, एक स्क्रू बदललेला. दुकानदारानं दस्ता आणि दस्त्याचं पॉलिश या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आणि म्हणून जर्मन दस्ता त्याला लोकल वाटला. ही गल्लत फार जण करतात. तुम्ही कुणाकडेही रायफल दाखवली तर हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा: लाकूड त्याच रायफलीचं आहे का, लाकडावरचं फिनिश मूळचं आहे का, धातूवरचं आहे का, आणि बारीकसारीक भाग बदललेत का. "ओरिजनल आहे" किंवा "नाही" असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक प्रकार आपल्याकडे सापडतो तो म्हणजे लष्करी रायफल कापून शिकारी केलेली. पोर्तुगीज सैन्याची १९०४ ची माउझर-व्हेर्गेरो होती, ६.५ मिलिमीटरची, बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यात बनलेली, रिसिव्हरवर राजा कार्लुशचा मुकुटवाला मोनोग्राम. ब्रिटिश हिंदुस्थानात .३०३ हा लष्करी बोअर (नळीचं माप) साध्या माणसाला मिळत नसे, म्हणून तिकडे .३१५ च्या शिकारी रायफली चालल्या, आणि पुढे ईशापूरच्या कारखान्यानंही .३१५ च बनवली. लष्करी दस्ता कापलेला असेल तर खुणा राहतातच, नळीवरच्या पट्ट्यांच्या जागी लाकडात उतार, पट्ट्याच्या कडीची बुजवलेली भोकं, वरच्या लाकडी झाकणासाठी कोरलेली पण आता रिकामी खाच. अशी रायफल कारखान्याची शिकारी रायफल म्हणून कुणी विकत असेल तर ते खोटं. पण कापलेली आहे असं सांगून विकत असेल आणि काम सफाईदार असेल तर मला त्यात काही वावगं वाटत नाही.

तसंच जुनी दुरुस्ती आणि नवीन पॉलिश यांना एका तराजूत घालू नका. मानेला तडा गेलेला, तो पितळेची पिन घालून १९५० च्या आसपास कुणीतरी नीट बसवलेला, त्यावर पुन्हा इतक्या वर्षांचा हात फिरलेला, तो त्या रायफलीच्या आयुष्याचाच भाग झाला. कुणी दस्ता कापून आखूड केलेला असतो, कारण घेणारा माणूस बुटका होता. चापापासून टोकापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा-चौदा इंच असतं, त्याहून बरंच कमी भरलं तर मोजून लिहून ठेवा. किंमत थोडी उतरते, पण त्यासाठी कुणी नवीन लाकूड जोडून "मूळ मापाचा" करू नये.

आणि ज्यांची खरोखर ओरिजनल निघाली त्यांना हात जोडून सांगणं, तिला आता काही करू नका. मेलामाइन नको, सँडपेपर नको, झिजलेली जागा काळी करायला बाटली नको. लाकडाला सुक्या सुती कापडानं पुसणं, वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब तळहातावर घेऊन चोळणं आणि जास्तीचं लगेच पुसून टाकणं, बस. धातूला बंदुकीचं पातळ तेल, तेही ओघळणार नाही इतकंच, आणि ठेवताना नळी खाली करून ठेवा म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही. जून ते सप्टेंबर तिला रेक्झिनच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये अजिबात ठेवू नका, आत दमट राहतं आणि जिथं फोम टेकतो तिथं रंग उडून गंज धरतो. कपाटात मोकळी, सिलिका जेलच्या पुड्या शेजारी, आणि दर पंधरवड्याला एकदा बाहेर काढून बघायची.

निवडणुका आल्या की बहुतेक वेळा बंदूक पोलीस स्टेशनात जमा करावी लागते, आणि माझ्या ओळखीच्या एकाची रायफल पावसात तिथून परत आली तेव्हा दस्त्यावर बुरशी आणि नळीच्या तोंडाशी लाल गंज होता. जमा करायच्या आदल्या दिवशी सगळ्या बाजूंचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात, नंबर, शिक्के, चेकरिंग, बट-प्लेटची कड, सगळं. नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल त्या वेळी चालेल. जुन्या सुती धोतरात गुंडाळून द्या, आणि पावतीवर नंबर आणि मेक बरोबर उतरवलाय का ते तिथंच उभं राहून वाचून घ्या.